वारे नव्हे, गुठळी

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात एखादा धडधाकट माणूस सकाळी तोंड धुता धुता एका अंगाला कलंडला, ओठाचा कोपरा खाली ओघळला आणि हातातला तांब्या निसटून पडला, की शेजारपाजार एकच वाक्य बोलतो: ‘अंगावरून वारं गेलं.’ हे वाक्य आपल्या कोल्हापुरातही तितकेच रुळलेले आहे. थोडा शिकलेला मनुष्य त्यालाच ‘अर्धांगवायू’ म्हणतो आणि त्याच गल्लीतला कानडी शेजारी ‘पार्श्ववायु’ म्हणतो. कोणत्या पाटीवर कोणती अक्षरे असावीत यावरून १९५६ पासून या मुलखात दोन भाषांचे भांडण चालू आहे. पण या एका आजाराच्या बाबतीत दोन्ही भाषांचे विलक्षण एकमत दिसते. दोघी दोष वाऱ्यालाच देतात, आणि दोघींचाही नेम चुकतो.

संगीत शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने रक्ताच्या गुठळीवर लेख लिहावा, हा अव्यापारेषु व्यापार आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. परंतु हा आजार ज्या गोष्टी हिरावून नेतो, त्या सगळ्या माझ्या धंद्यातल्या आहेत. जिभेची फेक, बोटांची तयारी, शब्द आठवण्याची शक्ती आणि श्वासाचा ताबा या साऱ्यांवर तो एका घटकेत घाला घालतो. बडे गुलाम अली खाँसाहेबांना अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने गाठले. चिरंजीव मुनव्वर अली यांच्या साथीने ते १९६८ मध्ये पैगंबरवासी होईपर्यंत गात राहिले, हे त्या महापुरुषाचे सामर्थ्य. पण सगळ्यांच्या नशिबी तेवढे बळ नसते. शिवाय आजचा माझा मुद्दा वैद्यकाइतकाच शब्दाचाही आहे, आणि शब्दाविषयी बोलण्याचा अधिकार या पानावर कोणालाही असावा.

आधी या वाऱ्याची गोष्ट पाहू. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘वात’ म्हणजे खिडकीतून येणारी झुळूक नव्हे. शरीराचे चलनवलन घडवणारे तत्त्व अशा व्यापक अर्थाने तो शब्द तेथे आला आहे. लोकांच्या तोंडी उतरता उतरता मात्र त्याचा गार वारा झाला. आणि एकदा वारा ठरला, की पुढचे उपचारही त्या शब्दानेच ठरून जातात. खिडक्या लावून घेतात, घोंगडी पांघरतात, तेल कोमट करून चोळतात, विटेचा शेक देतात. कोणी अमक्या गावच्या झाडपाल्याची खात्री देतो, कोणी देवऋषी सुचवतो. हे सारे करणारी माणसे प्रेमाची असतात, आणि तेवढ्या प्रेमाने ती दिवस घालवून बसतात.

प्रत्यक्षात घडते ते असे. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके, पण आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या नळीत रक्ताची गुठळी अडकली, की पुढचा भाग उपाशी पडतो. अशा वेळी दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. काही रोग्यांत नळी तुंबत नाही, फुटते, तो रक्तस्राव. बाहेरून दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण उपचार मात्र परस्परविरुद्ध. म्हणून डोक्याचे सी. टी. स्कॅन झाल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर गुठळी विरघळवण्याचे औषध टोचीत नाही, आणि घरच्या कोणी ॲस्पिरिनची गोळी चारण्याची घाई करू नये ती त्याचसाठी.

गुठळी विरघळवणारे औषध मेंदूच्या या आजारासाठी अमेरिकेत १९९६ साली मान्य झाले. आरंभी त्याची मुदत लक्षणे दिसल्यापासून तीन तासांची होती. २००८ मध्ये युरोपात झालेल्या चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. पुढे जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याची विद्या आली. २०१५ मधील चाचण्यांनी ती सिद्ध केली, आणि २०१८ पासून निवडक रोग्यांना चोवीस तासांपर्यंतही तिचा लाभ देता येतो. पण औषधात एक मोठी खोट आहे. ते शिरेत टोचले की साऱ्या अंगात पसरते. गुठळी एका ठिकाणी, आणि औषध मात्र नखशिखांत. त्यामुळे रक्तस्रावाची भीती राहते. पहिल्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्या शंभरांत सहा जणांच्या मेंदूत अपाय करणारा रक्तस्राव झाला होता. शिवाय ते मूळचे औषध रक्तात पाच-सहा मिनिटांतच निम्मे उरते, म्हणून तासभर थेंबथेंब देत राहावे लागते.

या ठिकाणी ‘नॅनो’ या शब्दाचा प्रवेश होतो. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते. हे कण बहुधा दोनशेच्याही आतले. ते रक्ताबरोबर हिंडावेत, गुठळीच्या धाग्यांना ओळखून तिथेच चिकटावेत, यंत्राला ‘येथे आहे’ असे सांगावेत आणि पोटातले औषध तिथेच सोडावे, असा या संशोधनाचा मनसुबा आहे. गुठळी दाखवणारा तोच ती फोडणारा, असे एका कणाकडून दोन कामांचे मागणे आहे.

यातला पहिला प्रयत्न माझ्यासारख्याला विशेष भावला, कारण तो ध्वनीचा होता. १९९६ सालीच अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ग्रेगरी लांझा आणि सॅम्युएल विकलाइन यांच्या गटाने गुठळीला चिकटणारे द्रवाचे सूक्ष्म कण प्रसिद्ध केले. ताजी गुठळी आणि भोवतालचे रक्त सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींना जवळजवळ सारखाच जबाब देतात, त्यामुळे गुठळी नजरेतून निसटते. हे कण तिच्यावर बसले की प्रतिध्वनी वाढतो आणि गुठळी उठून दिसते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एवढासा धागा नेमक्या जागी सरकवला की मुकी तार बोलू लागते. जवारी लावणाऱ्या कोणालाही ही युक्ती चटकन समजेल.

दुसरा प्रयत्न २०१२ मधला, हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड इंगबर यांच्या प्रयोगशाळेतला. तेथे सूक्ष्म कणांचे झुबके बनवण्यात आले. मोकळ्या नळीतून ते अखंड वाहत जातात. पण गुठळीमुळे वाट अरुंद झाली की तेथे प्रवाहाचा घासा वाढतो, बंधाऱ्याच्या मोरीतून पंचगंगेचे पाणी उसळते तसा, आणि त्या जोराने झुबका फुटून औषध लावलेले कण नेमके तिथेच विखुरतात. उंदरांवरील प्रयोगांत नेहमीपेक्षा पुष्कळच कमी औषधाने काम भागले. अर्थात नळी पुरती बंद असेल तर प्रवाहच नसतो, मग ही युक्ती एकटी चालत नाही. आधी वाट करून देणारी तार आत जावी लागते.

तिसरा अगदी अलीकडचा, नोव्हेंबर २०२५ मधला. झुरिक येथील तंत्रविद्यापीठात ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने विरघळणाऱ्या जेलची एक बारीक गोळी तयार केली. तिच्यात लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण घातले, ते बाहेरून चुंबकाने हाकता यावी म्हणून, आणि टँटलम धातूचे कण घातले, ते क्ष-किरणांत दिसावी म्हणून. ठिकाणावर पोचली की चुंबकीय क्षेत्राने तिला ऊब देऊन विरघळवायची आणि औषध मोकळे करायचे. नळ्यांच्या प्रतिकृतींत तसेच डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या शरीरांत हे करून दाखवले आहे.

हे वाचून आश्चर्य वाटते आणि आनंदही होतो. तरी हेही स्वच्छ सांगितले पाहिजे, की पक्षाघाताच्या नेहमीच्या उपचारांत यांतला एकही कण अजून आलेला नाही. यकृत आणि प्लीहा असे परके कण भराभर गाळून टाकतात. प्रयोगशाळेतल्या उंदराची गुठळी ताजी आणि एकजिनसी असते, तर तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांनी वर्षानुवर्षे पोसलेल्या माणसाची चिवट आणि नाना तऱ्हांची. वाट लांबची आहे.

नव्या औषधाची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नव्हे. ज्या मातीविषयी मी लिहितो आहे, तिनेच या बाबतीत मोठा धडा दिला आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व ऐन तारुण्यात क्षयाने अंथरुणाला खिळले. त्यांची एका फुप्फुसाची शक्ती गेली. त्याच सुमारास १९४३ साली अमेरिकेत शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसीन हे औषध हिंदुस्थानात येऊ लागले होते. ते त्यांना मिळाले, १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि पुढची चाळीसेक वर्षे त्यांनी हिंदुस्थानी संगीताला काय दिले ते सांगण्याची गरज नाही. त्या एका औषधाचे ऋण संगीताने विसरू नये. पण या उदाहरणातच फरकही दडला आहे. क्षयाने वर्षे दिली. औषध समुद्रापलीकडून यायला, हवापालट करायला, सेवाशुश्रूषा करायला अवधी होता. पक्षाघात अवधी देत नाही. त्याचे औषध आज आपल्या दाराशी येऊन उभे आहे. वेळेवर पोचत नाही तो रोगी.

दाराशी म्हणजे किती जवळ? मूळ औषधाचा सुधारलेला प्रकार म्हणजे टेनेक्टेप्लेज. ते तासभर थेंबथेंब द्यावे लागत नाही. शिरेत एकदाच टोचले की झाले. अमेरिकेने ते पक्षाघातासाठी २०२५ मध्ये मान्य केले; आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, आणि ते पुण्यातली जिनोव्हा कंपनी बनवते. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशेच्या आसपास. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोल्हापुरात आपला थोरला दवाखाना आहे. दोहोंमध्ये पुणे-बंगलोरचा रुंद हमरस्ता आहे. साडेचार तासांत या रस्त्याने बैलगाडी जाणार नाही, पण मोटार तीनदा जाऊन येईल.

तरीही माणसे पोचत नाहीत. माझ्याकडे निपाणीच्या बाजूने एक तरुण पेटी शिकायला येतो. त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवीत. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले आणि विडी तर कधी सुटलीच नाही. एका एकादशीला पहाटे काकडआरतीच्या वेळी त्यांचा उजवा हात मृदंगावरून घसरला आणि बोलणे बोबडे झाले. मंडळी अनुभवी होती, मायेची होती. वारे गेले म्हणाली, घरी नेऊन निजवले, तेल लावले. दुपारी पाहुणे जमले, विचार झाला, आणि दिवेलागणीला गाडी ठरली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घड्याळाचा: ‘शेवटचे धडधाकट किती वाजता होते?’ उत्तर ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. जीव वाचला, पण मृदंग वाजवणारा हात गेला. आता ते मुलाच्या शेजारी बसतात आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरतात. त्या घरी हयगय कोणाकडूनच झाली नाही. दहा-बारा तास गेले ते एका शब्दावरच्या विश्वासात.

माझे वडील संस्थानच्या दरबारी गवयांपैकी अगदी धाकटे. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला. त्या काळच्या एका सारंगियाची हकीकत ते सांगत: वारे गेले, गज धरण्याचा हात लुळा पडला, राजवैद्यांचे सहा महिने औषध झाले, काही उपयोग झाला नाही. तेव्हा ‘वारे’ म्हटले काय अन् ‘गुठळी’ म्हटले काय, फरक पडत नव्हता. कारण कोणत्याच नावाला औषध नव्हते. आज तसे नाही. आज नाव चुकले की हात जातो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की गुठळी ‘दाखवण्याचे’ काम नॅनोकण करतील तेव्हा करतील. त्याच्या आधी ती भाषेला दिसली पाहिजे. कणाला चिकटायला गुठळी हवी, गुठळी पाहायला यंत्र हवे, आणि यंत्रापुढे रोगी हवा. या साखळीची पहिली कडी घरात, गल्लीत, देवळात आहे. ज्याला आपण वारे म्हणतो तो रक्ताचा अडथळा किंवा स्राव आहे, आणि तो मेंदूत आहे, हातापायात नाही, हे ज्याच्या डोक्यात बसले तो तेलाची बाटली शोधणार नाही, गाडी शोधील.

लक्षणे चारच शब्दांत सांगता येतात: तोंड, हात, बोली, वेळ. हसायला सांगावे, ओठ एकीकडे ओघळतो का पाहावे. दोन्ही हात समोर उचलायला सांगावे, एक खाली येतो का पाहावे. साधे वाक्य म्हणायला सांगावे, जीभ अडखळते का ऐकावे. यांतले एक जरी चुकले तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. दोन्ही राज्यांत हा क्रमांक एकच आहे, एवढी तरी एकवाक्यता आपल्या नशिबी आहे. रोग्याच्या तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. लक्षणे थोड्या वेळात आपोआप गेली तरी दवाखाना गाठावाच, कारण ती पुढच्या घाल्याची सूचना असू शकते.

हे शिकवायचे कोणी? माझे उत्तर आहे, ज्यांच्याकडे कान आहेत त्यांनी. सीमाभागात भजनी मंडळ नाही असे मराठी गाव क्वचितच सापडेल, आणि कानडी भजनाचीही तीच परंपरा आहे. बोलीतला बदल सर्वांत आधी कानाला कळतो, आणि रोज एकत्र गाणाऱ्यांना तो परक्यापेक्षा लवकर कळतो. कीर्तनकाराने उत्तररंगात पाच मिनिटे द्यावीत. पेटीमास्तराने वर्गात एकदा ही चार लक्षणे करून दाखवावीत. देवळाच्या भिंतीवर ती मराठीत आणि कानडीत शेजारी शेजारी लिहावीत. निदान या एका फलकावर तरी कोणती लिपी वर आणि कोणती खाली हा वाद नको.

सरकारांकडेही मागणे आहे. पुनीत राजकुमार हे लोकप्रिय नट २०२१ मध्ये हृदयविकाराने गेले. त्यानंतर कर्नाटक सरकारने त्यांच्या नावाने योजना आखली: हृदयाचा आलेख तालुक्याच्या रुग्णालयात काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाने दुरून पाहायचा, आणि गरज असेल तर टेनेक्टेप्लेज तिथल्या तिथे मोफत टोचायचे. तेच औषध आणि तीच रीत मेंदूसाठी का नसावी? त्यासाठी चोवीस तास चालणारे सी. टी. यंत्र आणि ते चित्र दुरून वाचणारा तज्ज्ञ एवढे अधिक लागेल. हे खर्चाचे आहे. पण स्वप्नातले नाही.

आणि सीमा. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ याच हमरस्त्यावर ठाण मांडले होते. महामारीत, २०२१ साली, याच रस्त्यावर कोगनोळीला माणसांना थांबवून कागद तपासले जात होते. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने तीव्र हरकत घेतली. दावा न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. माझे मन कोणीकडे आहे हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. परंतु निपाणीत कोसळलेल्या माणसाला जवळचे यंत्र कोल्हापुरात असेल तर कोल्हापूर आणि बेळगावात असेल तर बेळगाव, आणि कोणत्याही दारात पहिला प्रश्न शिधापत्रिकेचा न होता घड्याळाचा व्हावा, एवढा समझोता दोन्ही सरकारांनी दावा चालू ठेवूनही करायला हरकत नाही.

शास्त्रज्ञ त्यांचे काम करीत आहेत. उद्या एखादा कण खरोखरच औषध घेऊन गुठळीपर्यंत पोचेल, आणि थोड्या औषधात, कमी धोक्यात ती फोडील. तो दिवस लवकर येवो. पण तो निपाणीच्या मृदंग्यापर्यंत यायचा असेल, तर पहाटे हात घसरताच शेजारच्या टाळकऱ्याने टाळ खाली ठेवून ‘वारं नव्हे, गाडी आणा’ असे म्हटले पाहिजे. येत्या एकादशीच्या भजनाआधी आपापल्या मंडळात हे कोणीतरी बोलावे.